धाब्यातला गारवा स्लॅबच्या घरात येईल का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लातूर-धाराशिवकडे घरांचे नकाशे काढणाऱ्याला हा प्रश्न दर उन्हाळ्यात ठरलेला असतो. "मॅडम, आमचं जुनं धाब्याचं घर मे महिन्यात काय गार असायचं! ते पाडून स्लॅबचं बांधलं, आता रात्री बारा वाजले तरी पंखा गरम हवाच फेकतो. तसं गार घर पुन्हा बांधून मिळेल का?"

मिळेल. पण धाबं, म्हणजे लाकडांवर जाड माती घातलेलं सपाट छत, घालून नाही.

का नाही, ते आमच्या भागातल्या वयस्क माणसांना सांगावं लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली आणि हजारो माणसं झोपेतच गेली, ती बहुतेक अशाच घरांखाली. दोन-अडीच फुटांची दगडमातीची भिंत, तिला आतला आणि बाहेरचा असे दोन पदर, आणि ते एकमेकांत गुंतवणारा आरपार दगड बऱ्याच ठिकाणी घातलेलाच नाही. डोक्यावर तुळया, आडवी लाकडं आणि त्यावर फूट-दोन फूट माती. गळायला लागलं की वर आणखी एक थर. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे साडेचार-पाच टन वजन. भिंतीचे पदर सुटले आणि ते सगळं खाली आलं. पुढे कित्येक लोक पत्र्याच्या शेडमध्ये झोपत राहिले. पत्रा तापतो हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. म्हणून 'आपली जुनी घरंच शहाणी होती' असं कुणी पुण्या-मुंबईहून येऊन सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं.

तरी ते घर गार का वाटायचं हे नीट पाहण्यासारखं आहे. दुपारचं ऊन त्या जाड मातीतून आत झिरपायला फार वेळ घ्यायचं. उष्णता खाली पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि रात्री घरात झोपायचं कोण? माळवदावर, म्हणजे त्याच मातीच्या गच्चीवर, नाहीतर अंगणात बाजा पडायच्या. आपल्याला आठवतो तो दुपारचा गारवा. त्याच घरात मे महिन्याच्या रात्री दार लावून झोपायला सांगितलं असतं तर आजोबांनीही तक्रार केली असती.

आताचा स्लॅब पाचेक इंचांचा. त्यातून उष्णता तीन-चार तासांत आत येते. म्हणजे दुपारी दीड-दोनचं ऊन संध्याकाळी पाच-सहाला छतातून अंगावर यायला लागतं आणि मध्यरात्रीपर्यंत येत राहतं. नेमकं तेव्हाच आपण घरी असतो, दारं-खिडक्या लावून. डोक्यावर तापलेला तवा आणि त्याच्याखाली पंखा, अशी ती तऱ्हा.

यात सूर्याची जागाही लक्षात घ्या. लातूर साधारण साडेअठरा अक्षांशावर. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटी इथे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शाळांमधून शून्य सावलीचा दिवस म्हणून दाखवतात तो हाच. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात तर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. म्हणजे उन्हाळ्यात दुपारचा सगळा मारा छतावर, आणि तो ओसरला की पश्चिमेच्या भिंतीवर. दक्षिणेची भिंत त्या मानाने सुटते. माझ्याकडे येणारे लोक विचारतात एसी किती टनाचा आणि सोलर किती किलोवॅटचं. मी आधी छताचं बोलते, मग पश्चिमेचं.

छतातून उष्णता किती झिरपते ते मोजायचं एक माप आहे: आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून किती वॉट आत येतात. नुसत्या स्लॅबचं हे माप साडेतीनच्या आसपास. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या 'इको-निवास संहिता 2018' मध्ये घराच्या छताला 1.2 ची मर्यादा घातली आहे. स्लॅबवर एक्सपीएसच्या, म्हणजे थर्माकोलसारख्या पण घट्ट फोमच्या दोन इंची पाट्या टाकल्या तर ते माप 0.5 पर्यंत उतरतं, म्हणजे उष्णता जवळपास सातव्या हिश्श्यावर. धाब्यासारखी नुसती उशिरा येत नाही, मुळात येतेच कमी, आणि वजन जवळजवळ काहीच नाही. स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर फोम, वर पातळ कोबा आणि सगळ्यात वर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक. फोम वरूनच घालायचा. आतून पीओपीचं सीलिंग लावून थोडा फरक पडतो, पण स्लॅब तापायचा तो तापतोच. आणि ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, घातला म्हणजे झालं, असं गुत्तेदार सांगतात त्यावर फार विसंबू नका. तो पाणी अडवायला चांगला, ऊन अडवायला बेताचाच.

पश्चिमेला जिना, बाथरूम, अडगळीची खोली घ्या. ऊन त्यांनी झेलावं. तिकडे खिडकी टाळता येत नसेल तर छोटी ठेवा आणि पलीकडे जागा असली तर कडुनिंब लावा. कारण पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, साध्या छज्जाला ते जुमानत नाही. दक्षिणेचं ऊन मात्र छज्जाचं ऐकतं. मार्चच्या विषुवदिनी दुपारी दोन फुटांचा छज्जा सहा फूट खालपर्यंत सावली टाकतो, पुढे त्याहून जास्त. डिसेंबरात सूर्य खाली उतरतो तेव्हा तीच सावली सव्वादोन फुटांवर येते आणि कोवळं ऊन घरात येतं. गंमत अशी, की दक्षिणेला खिडकी नको म्हणून माझ्याशी तासभर वाद घालणारा माणूस पश्चिमेला सहा फुटांची काच आनंदाने मागतो. वास्तूवाल्यांशी मी भांडत नाही. खिडकीला 'झरोका' म्हटलं की बऱ्याचदा चालून जातं.

छज्जेच गेलेत हे खरं दुखणं. 'इलेव्हेशन' हवं म्हणून समोरची बाजू खोक्यासारखी सपाट, वर काच आणि चकचकीत पत्रे. त्यावर झालेल्या खर्चात छताचा फोम सहज बसला असता, असं कितीदा तरी वाटून जातं.

मग वारा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशी गाठतो, पण पहाटे पंचविशीच्या आसपास उतरतो. हा पंधरा अंशांचा फरक फुकटचा आहे. दिवसा खिडक्या बंद, रात्री उघड्या, एवढंच करायचं. कोकणातल्या माणसाने माझं हे ऐकू नये. तिथे रात्रही दमट आणि उबदार, तिथे दिवसरात्र खेळता वारा आणि लांब पागोळ्यांचं उतरतं छप्परच हवं. आपल्याकडे अडचण असते ती चोरांची आणि डासांची. म्हणून जाळी आणि ग्रिल नकाशातच धरा, नंतर नको. स्लायडिंगची खिडकी अर्धीच उघडते. पूर्ण उघडणारी पाखं घ्या. वीस बाय तीसचा प्लॉट आणि दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असतील तर जिना हेच धुराडं. जिन्याच्या माथ्यावर उघडझाप करता येणारी मोठी खिडकी ठेवा, गरम हवा तिथून निघून जाते आणि खालून गार हवा ओढली जाते.

एवढं झालं की यंत्रांकडे वळा. जुना पंखा 75 वॉट खातो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा तीसेक. चार पंखे रोज बारा तास फिरले तर महिन्याला 65 युनिटांचा फरक पडतो. सोलरचं म्हणाल तर तीन किलोवॅटला पीएम सूर्यघर योजनेत 78,000 रुपये अनुदान आहे, दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज मिळते आणि जागा लागते सुमारे तीनशे चौरस फूट. पॅनेल स्लॅबला चिकटवून नका लावू. सात-आठ फूट उंच सांगाड्यावर घ्या, म्हणजे तेवढ्या गच्चीवर आपोआप सावली पडते. सांगाड्याचं नटबोल्ट आणि पाया मात्र इंजिनिअरकडून तपासून घ्या, वळवाच्या वाऱ्याला दयामाया नसते.

कूलर कोरड्या हवेत उत्तम चालतो, पण दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी सहज पितो. संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारायचा सल्लाही कुणी देतं. 2016 च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातुरात मी तरी तो देणार नाही.

घर बांधून झालंय, फोम आता शक्य नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी चुना. गच्ची झाडून धुऊन घ्यायची, चुन्याच्या निवळीत नव्हे तर दाट भिजवलेल्या चुन्यात थोडं फेविकॉल घालून कुंच्याने दोन हात मारायचे. गुढीपाडव्याच्या आत. पांढरी गच्ची ऊन परत फेकते, हात ठेवून पाहिलं तरी फरक कळतो. डोळे दिपतात, दुपारी वर वाळवण घालायला गेलात तर गॉगल लावा. पावसात बराचसा चुना वाहून जातो. जाऊ दे, पावसाळ्यात त्याचं काम नसतं. पागोळीचं पाणी बोअरच्या खड्ड्यात सोडत असाल तर पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी तेवढं बाहेर काढा.