स्प्रिंग सीझन अपडेट: स्मॅश बसला, आता डिफेन्सच्या मागे लागलोय

सीझन अर्धा झाला आणि पोरांच्या अंगात स्मॅश कन्सेप्ट (फ्लॅग फुटबॉलमधला एक पासिंग प्ले) खरंच मुरलाय, त्यामुळे आजचं अपडेट बरंचसं त्याच एका प्लेवर आहे. नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो, मी डॅलसच्या उत्तरेला प्लेनो-फ्रिस्को पट्ट्यात राहतो आणि ११-१२ वर्षांच्या मुलामुलींच्या फ्लॅग (टॅकल नसलेल्या अमेरिकन फुटबॉलच्या) टीमचा व्हॉलंटियर कोच आहे. पाच विरुद्ध पाच, ३० यार्ड रुंद मैदान, टॅकल (धरून पाडणं) नाही, कमरेचा फ्लॅग (लटकती पट्टी) ओढला की प्ले संपला. क्यूबीला, म्हणजे पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकला, स्वतः बॉल घेऊन प्ले सुरू होतो ती लाईन ओलांडता येत नाही, सात सेकंदांत पास गेलाच पाहिजे, आणि सात यार्डांवरून त्याच्यावर धावून येणारा रशर सुटतो. म्हणजे मोठ्यांच्या खेळातली ब्लॉकिंग, धक्काबुक्की सगळी बाजूला पडते आणि उरतं ते पासिंगचं गणित, जे मला या खेळात सगळ्यात जास्त आवडतं.

तर स्मॅश. एका बाजूला दोन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे. बाहेरचा चार यार्ड पळतो, गपकन थांबतो आणि क्यूबीकडे वळतो, हा हिच. आतला सरळ सात यार्ड जातो आणि तिथून साईडलाईनकडे तिरका सुटतो, हा कॉर्नर रूट (रूट म्हणजे पळायची ठरलेली वाट). मोठ्यांच्यात ही अंतरं जास्त असतात, आमच्या पोरांच्या हाताला झेपेल एवढी मी कमी केलीत. आता समोर कव्हर टू हा बचाव असेल तर दोन सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) मागे अर्धं अर्धं मैदान वाटून घेतात आणि कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) खाली, म्हणजे लाईनजवळ, उभा असतो, त्याच्या भागात एकदम दोन माणसं, एक पुढ्यात आणि एक पाठीमागे. तो पुढे आला की मागचा मोकळा, मागे सरकला की पुढचा मोकळा. त्याने काहीही केलं तरी आमच्याकडे उत्तर तयार असतं, आणि क्यूबीला अख्ख्या मैदानात फक्त एका माणसाकडे बघायचं असतं. माझं स्पष्ट मत आहे की या वयात पंधरा प्ले पाठ करून घेण्यापेक्षा असा एक प्ले आणि त्यातला एक माणूस वाचायला शिकवणं कितीतरी जास्त कामाचं आहे.

आमची क्यूबी अकरा वर्षांची मुलगी आहे, हातात फार ताकद नाही पण डोकं एकदम थंड. तिचं ड्रिल असं: मी स्वतः कॉर्नरबॅक म्हणून उभा राहतो, स्नॅप (प्लेची सुरुवात) होतो, तिच्या दुसऱ्या पावलाला मी एक पाऊल पुढे किंवा मागे टाकतो आणि तिने फक्त ओरडून सांगायचं, वर (कॉर्नर रूट) की खाली (हिच). सुरुवातीला तर तिच्या हातात बॉलच देत नव्हतो. नजर बसल्यावर बॉल दिला, मग दोन रिसीव्हर आणले, मग रशर. मी जागचा हललोच नाही तर काय, हा प्रश्न तिनेच विचारला, त्याला नियम ठरवला की शंका असेल तर हिच टाकायचा, चार यार्ड खिशात घालायचे आणि पुढच्या डाऊनला (प्रयत्नाला) लागायचं.

मागच्या मॅचमध्ये याचं फळ दिसलं. तिसरा डाऊन, एंड झोन (जिथे बॉल नेला की टचडाऊन, ती पट्टी) दहाएक यार्डांवर, समोरचा कॉर्नरबॅक टाचा उचलून उभा, त्याला हिच झडप घालून उचलायचाच होता. स्नॅप झाला, त्याचं वजन पुढच्या पायावर गेलं आणि त्याच क्षणी आमच्या मुलीने बॉल सोडला, तेव्हा आमचा आतला रिसीव्हर अजून वळलासुद्धा नव्हता! तो वळला, मान फिरवली आणि बॉल साईडलाईनपाशी त्याच्या हातात येऊन पडला, सेफ्टी दोन पावलं लांब. टचडाऊन. माणसाला नाही तर जागेला पास टाकणं म्हणजे काय ते पोरांना माझ्या व्हाईटबोर्डपेक्षा त्या एका प्लेने जास्त समजलं.

हात कमजोर असलेल्या क्यूबीवरून अमेरिकन फुटबॉलचा कोच बिल वॉल्श याची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १९६९ मध्ये वॉल्शच्या टीमकडे, सिनसिनाटी बेंगल्सकडे, ग्रेग कुक नावाचा तोफेसारख्या हाताचा रूकी (पहिल्याच वर्षाचा) क्यूबी होता, त्याचा खांदा गेला आणि १९७० मध्ये वॉल्शच्या वाट्याला आला व्हर्जिल कार्टर, लांब टाकण्यात बेताचा पण अचूक आणि हुशार. वॉल्शने त्याच्यासाठी छोटे, वेळेवर बसणारे, आडव्या पसरलेल्या मैदानाचे पास बांधले, त्याच वर्षी बेंगल्सनी डिव्हिजन जिंकली आणि १९७१ मध्ये कार्टर कम्प्लिशन (झेलल्या गेलेल्या पासांच्या) टक्केवारीत एनएफएल या प्रो लीगमध्ये पहिला आला. यातूनच पुढे वेस्ट कोस्ट ऑफेन्स ही छोट्या पासांची पद्धत उभी राहिली आणि सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स टीमला वॉल्शच्या हाताखाली तीन सुपर बोल (लीगची विजेतेपदं) मिळाले. यातलं मी उचललं ते पायांचं. क्यूबीची पावलं रिसीव्हरच्या रूटला बांधलेली असतात, आमच्याकडे शॉटगनमधून (लाईनपासून मागे उभं राहून) एक मोठं आणि दोन छोटी पावलं, मागचा पाय टेकला की हिच सुटतो, आणि कॉर्नर रूट टाकायचा असेल तर त्यावर पुढे एक छोटी उसळी. पाय उशीरा पडले तर नजर कितीही चांगली असो, बॉल उशीराच जाणार.

थ्रोइंगबद्दल थोडं. इथली आपली देशी पोरं क्रिकेटमधून येतात आणि बाऊंड्रीवरून टाकल्यासारखा हात पार मागे नेऊन टाकतात. क्रिकेटचा बॉल १६० ग्रॅमच्या आसपास, एनएफएलचा १४ ते १५ औंस म्हणजे ४०० ग्रॅम धरा, पोरांचा साईज लहान असला तरी त्या मानाने मोठाच, लांब फेरा मारून आणला की तो मनगटाला खाली ओढतो. म्हणून बॉल कानाजवळ, कोपर खांद्याच्या रेषेत, ताकद कमरेच्या वळण्यातून, आणि सोडल्यावर अंगठा खाली, हात पलीकडच्या खिशाकडे. एक गुडघा टेकवून दहा यार्डांवर टाकायला लावतो, पाय बाद झाले की कंबर आणि खांदा काय करतात ते लगेच दिसतं. हे रोज, कंटाळा आला तरी.

आता डिफेन्स, जिथे अजून खूप काम आहे. एक रशर, तीन खाली आणि एक सेफ्टी मागे असं खेळत होतो आणि समोरच्या टीम सरळ दोघांना लांब पळवतात, एकटा सेफ्टी कोणाकोणाला धरणार? म्हणून आता दोन खाली दोन मागे. पण स्नॅपआधी एकच सेफ्टी मागे दाखवतो आणि स्नॅप होताच मधला पोरगा उलटा पळत दुसऱ्या अर्ध्यात जातो, त्यामुळे समोरच्या क्यूबीने आधी जे वाचलं ते खोटं ठरतं. सेफ्टी मोजून कव्हरेज (बचावाची मांडणी) ओळखायचं हे सगळेच शिकवतात, एक असेल तर कव्हर वन किंवा थ्री, दोन असतील तर टू किंवा फोर, म्हणून ती मोजणीच बिघडवायची. सध्या तो पोरगा लवकर निघतो आणि सगळं उघडं पडतं, त्यावर काम चालू आहे. मधली जागा मोकळी राहते हे मान्य, पण तिथला छोटा पास मी आनंदाने देतो.

फ्लॅग ओढण्याचं मात्र झकास चाललंय. कबड्डीत कव्हरवाला रेडरच्या डोळ्यांकडे न बघता कमरेकडे बघतो तेच इथे चालतं, खांदे हूल देतात, कंबर देत नाही. जवळ गेल्यावर छोटी पावलं, साईडलाईनकडे ढकलत न्यायचं आणि जवळच्या हाताने ओढायचं.

आणि एक गोष्ट जी मी प्रत्येक मराठी पालकाला सांगतो, फ्लॅग फुटबॉल २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये आहे, पुरुषांचंही आणि महिलांचंही, आणि त्यावर शिक्कामोर्तब झालं ते मुंबईत, ऑक्टोबर २०२३ मधल्या आयओसीच्या (आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या) बैठकीत, टी-ट्वेंटी क्रिकेटसोबतच. आमच्या टीमच्या मुलींसाठी ही खरंच मोठी गोष्ट आहे.

पुढच्या आठवड्यापासून ऑफेन्समध्ये मोशन घालतोय. आतल्या रिसीव्हरला स्नॅपआधी या टोकाहून त्या टोकाला पळवायचं, त्याच्या मागे कोणी पळत आला तर बहुतेक मॅन (प्रत्येकाने एकेक माणूस धरलेला बचाव), सगळे जागेवर राहिले तर झोन (प्रत्येकाने एकेक जागा धरलेला), आणि झोन असेल तर स्मॅश, मॅन असेल तर सेंटरला (स्नॅप देणाऱ्याला) आडवा पळवून छोटा पास. दुसरा रिसीव्हर मुद्दाम वेगळ्या खोलीवर ठेवलाय कारण फ्लॅगमध्ये डिफेन्डरची वाट अडवली की पंचांचा पेनल्टीचा फ्लॅग पडतोच. डावखुऱ्या क्यूबीला रोलआऊट (एका बाजूला पळत पास टाकणं) कोणी शिकवलंय का? आमचा बॅकअप डावखुरा आहे, उजवीकडे पळताना त्याचे खांदे टार्गेटकडे वळतच नाहीत, तुमचं एखादं ड्रिल असेल तर नक्की सांगा.