पांढरी चारमधला बास: दिवाळीपासूनचं काम

माझा सायट्रान्सचा, म्हणजे गोव्याच्या पार्ट्यांतून आलेल्या वेगवान इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताचा, चौथा ट्रॅक उभा राहिला. सात मिनिटं चाळीस सेकंद, 145 बीपीएम (मिनिटाला 145 मात्रा), पट्टी पांढरी चार, म्हणजे इंग्रजी एफ. दिवाळीत हात घातला होता, आता मिरग लागून गेला. मधल्या महिन्यांतले पाच-सहा तर फक्त किक (ढोलासारखा मुख्य ठोका) आणि बास (खालचा जाड सूर) यांच्यातच गेले. ते कुठं गेले हे सविस्तर लिहितोय, कारण घरी बसून सायट्रान्स करणारी आपल्यातली बरीच मंडळी नेमकी याच जागी अडकतात आणि कंटाळून सोडून देतात.

नवीन असतील त्यांच्यासाठी एवढंच: एका मात्रेचे चार भाग करायचे, पहिल्यावर किक, उरलेल्या तिन्हींवर बास. धम्-डुगुडु, धम्-डुगुडु. 145 ला एक मात्रा 414 मिलिसेकंदांची, तिचा चौथा भाग 103 चा. ग्रिडवर हे मांडायला दोन मिनिटं पुरतात. घोडा दौडल्यासारखी चाल मात्र त्यातून आपोआप येत नाही.

माझा बास लंगडत होता. तीन ठोक्यांतला एखादा जाड यायचा, एखादा पातळ, आणि कुठला पातळ येणार ते दर आवर्तनाला बदलायचं. आवाजाची चढउतार दाबणारा कॉम्प्रेसर लावून बघितला, ईक्यूनं जाड-बारीक पट्टे खरवडले, वरून थोडं डिस्टॉर्शन, म्हणजे खरखर, चढवलं. प्रत्येक उपायानं दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ऐकलं की तेच. शेवटी एका रविवारी बासची एक ओळ ऑडिओ करून घेतली आणि लाट मोठी करून एकेक ठोका बघत बसलो.

पांढरी चारचा तो खालचा सूर 43.65 हर्ट्झचा. एका लाटेला साधारण 23 मिलिसेकंद लागतात. म्हणजे 103 मिलिसेकंदांच्या घरात लाटा बसतात फक्त साडेचार. आपण ज्याला बासचा सूर म्हणतो तो एवढाच! त्यातली पहिली लाट शून्यातून उठते, की मध्येच कुठून तरी, की थेट माथ्यावरून, यावर त्या ठोक्याचं सगळं वजन ठरतं. लांब सुरात हे कळतही नाही, साडेचार लाटांत लपायला जागाच नाही. माझ्या सिंथमध्ये लाट तयार करणाऱ्या ऑसिलेटरच्या फेजचं, म्हणजे लाट कुठून उठते त्याचं, रँडम शंभरावर होतं. म्हणजे प्रत्येक ठोका वेगळ्याच जागेवरून सुरू होत होता, आणि मी आठवडेच्या आठवडे तो ईक्यूनं सरळ करायला बघत होतो.

रँडम शून्यावर आणलं, प्रत्येक सुराला लाट शून्यातूनच उठेल अशी फेज बांधली. तिन्ही ठोके एका मापाचे झाले. मग किककडे वळलो. तिची शेपूट 120 मिलिसेकंदांपर्यंत लोळत होती, म्हणजे बासच्या पहिल्या ठोक्यावर चढत होती. ती 95 ला कापली, टोकाला बारीकसा फेड दिला. बासचा सूरही पूर्ण 103 न ठेवता 80 ला तोडला. एकही नवीन आवाज घातला नाही, फक्त कापाकापी केली, आणि चाल आली.

यात मागाचा हात आहे. आम्ही बेळगावातल्या वडगावचे, गल्लीत अजून यंत्रमाग चालतात. लहानपणापासून तो खडाक-खडाक कानात आहे, पण नीट ऐकला तो याच वर्षी, रेकॉर्डर घेऊन शेजाऱ्यांच्या मागाजवळ उभा राहिलो तेव्हा. धोटा कडेला जाऊन आदळतो तो आवाज होतो. मग तो ताण्यातून पलीकडे पळतो, तेवढा वेळ त्याचा आवाज जवळजवळ नसतोच. पुन्हा आदळतो. कान त्या रिकाम्या वेळावर टांगलेला असतो. घड्याळ लावून मोजलं तर मिनिटाला 130 च्या आसपास ठोके, थोडे इकडेतिकडे. त्यातले चार खडाक वेगळे काढून, वरचा पट्टा तेवढा ठेवून, ब्रेकनंतरच्या, म्हणजे मध्ये ठोका थांबतो त्याच्या पुढच्या भागात हाय-हॅटच्या (ड्रमच्या झांजेच्या) जोडीला बसवलेत. ऐकणाऱ्याला तो माग आहे हे कळणार नाही, पण गल्लीतल्या माणसाला कळेल.

बास सुधारला म्हणून मित्राच्या गाडीत लावला. आम्ही जांबोटीच्या रस्त्यानं खानापूर तालुक्यात शिरलो होतो, बाहेर बारीक पाऊस. दरवाजांचं प्लास्टिक थरथरायला लागलं. किक गायब, नुसता घुमारा. मित्रानं न बोलता आवाज कमी केला. फार वाईट वाटलं तेव्हा.

घरी तोच ट्रॅक लावला तर बास कमीच वाटत होता! मग एक साधा साइन सूर 43.65 ला लावून ठेवला आणि खोलीत चालत फिरलो. खुर्चीत काही नाही. दाराशी गेलो तर छातीत भरला. मागच्या भिंतीला पाठ लावली तर शेल्फवरचं स्टीलचं भांडं किणकिणायला लागलं. खोली टेपनं मोजली: लांबी तेरा फूट, म्हणजे 3.96 मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर धरून लांबीच्या दुपटीनं भागला की येतात 43.3 हर्ट्झ. म्हणजे ही खोली स्वतःच पांढरी चारमध्ये लावलेली आहे. अशा घुमणाऱ्या सुराचा दाब भिंतींपाशी सगळ्यात जास्त असतो आणि बरोबर मध्यावर नाहीसा होतो. माझी खुर्ची बरोबर मध्यावर. मला ऐकू येत नव्हता म्हणून मी बास चढवत गेलो, आणि चढवलेला सगळा त्या गाडीत बाहेर पडला.

टेबल आखूड भिंतीकडे सरकवलं, आता कान त्या भिंतीपासून पाच फुटांवर आहेत. बास साडेतीन डेसिबलनं खाली आणला. कोपऱ्यांत जुन्या कापसाच्या गाद्या गुंडाळून उभ्या केल्यात. त्यांनी वरचा घुमारा जरूर कमी होतो, पण 44 हर्ट्झच्या आसपास त्या काहीच करत नाहीत, त्यामुळे गाद्यांच्या भरवशावर कुणी राहू नका. शेवटची खात्री मी आता हेडफोनवरच करतो.

पट्टीच बदलून टाक, असं दोघांनी सुचवलं. ती बदलायची नव्हती, कारण या ट्रॅकचा सगळ्यात खालचा पडदा आईच्या पेटीचा आहे. तिचं भजनी मंडळ पांढरी चारमध्ये गातं. गुरुवारचं भजन झाल्यावर पेटी झाकायच्या आधी तिनं मला षड्ज-पंचम दोन मिनिटं धरून दिला, भाता सारखा हलवत, आणि तो मी पूर्ण ट्रॅकभर अगदी मागे ठेवलाय. आपल्या या संगीताला पाया एकच, तंबोऱ्यासारखा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत षड्ज हलत नाही, रंग बदलतो तो वरच्या सुरांनी आणि फिल्टरनं. तंबोरा ऐकत वाढलेल्या कानाला हे शिकवावं लागत नाही असं माझं ठाम मत आहे. कुमार गंधर्व आमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत 1924 साली जन्मले. त्यांचे तंबोरे कसे जुळलेले असायचे ते रेकॉर्डवर नुसतं ऐकलं तरी एक सूर किती भरलेला असू शकतो ते कळतं.

लीड, म्हणजे वरची मुख्य धून, वाजत होती तेव्हा आई माजघरातून म्हणाली, "पांढरी चारच हाय की ही. कोमल रे लावलायस. भैरवी काय?"

भैरवीच. इंग्रजीत ज्याला फ्रिजियन म्हणतात ते सूर म्हणजे आपला भैरवी थाट. पुढे ब्रेकनंतर गंधार शुद्ध केला, बाकी सगळं तसंच ठेवलं, तर एकदम तो जुन्या गोवा ट्रान्सचा, म्हणजे सायट्रान्सच्या नव्वदच्या दशकातल्या मूळ रूपाचा, पूर्वेकडचा वास आला. हे सूर बसंत मुखारीचे. पलीकडच्या घरात कर्नाटक संगीत शिकवणाऱ्या बाई राहतात, त्या ऐकून म्हणाल्या, "ये तो वकुळाभरणम् है." दोन्ही नावं वहीत लिहून ठेवलीत. लीडचा आवाज रोलँडच्या जुन्या 303 सिंथच्या धाटणीचा, करवतीच्या दातांसारख्या लाटेवर (सॉटूथवर) फिल्टरचा रेझोनन्स चढवलेला. त्यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, मी नवीन काही सांगण्यासारखं केलेलं नाही.

आता माझ्या ट्रान्स संगीताच्या संग्रहाचं. यंदा एकच मोठी भर पडली, पण अशी भर आयुष्यात एखाद्या वेळीच पडते.

खानापूरच्या पुढे एक काका राहतात. नव्वदच्या दशकात ते हणजूण-वागातोरच्या बाजूला साउंडच्या कामाला जायचे, वायरिंग, जनरेटर, स्पीकर चढवणं-उतरवणं. तिथं कुणाकुणाकडून मिळालेल्या सीडी त्यांनी एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. घर रंगवायला काढलं तेव्हा मला बोलावलं. एकोणीस सीडी. ड्रॅगनफ्लाय, टिप, ब्लू रूम, या संगीताच्या जुन्या कंपन्यांची नावं वाचताना हात थरथरत होते. हॅलुसिनोजेन या कलाकाराचा 1995 चा 'ट्विस्टेड' अल्बम त्यात आहे, कव्हर ओलीनं चिकटलेलं, तबकडी मात्र स्वच्छ.

खानापूरचा पाऊस सीडीला फार वाईट. बुरशी आली होती. कोमट पाणी, थेंबभर भांड्याचा साबण, मऊ सुती फडकं, आणि पुसायचं ते मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल फिरवून कधी पुसू नका. आडवा बारीक ओरखडा प्लेअर सांभाळून घेतो, ट्रॅकच्या दिशेनं गेलेला घेत नाही. आणि लेबलच्या बाजूला तर जास्तच जपायचं, कारण ॲल्युमिनियमचा चकचकीत थर त्या बाजूला वार्निशच्या लगेच खाली असतो. खालच्या बाजूनं तो जाड प्लास्टिकच्या मागे असतो, वरून नुसता नखाएवढ्या अंतरावरही नाही. प्रत्येक तबकडी दिव्यासमोर धरून बघितली. दोन सीडींत टाचणीएवढी भोकं दिसली, तिथून उजेड येतो. त्या दोन्हींचे शेवटचे ट्रॅक गेलेत.

बाकीच्या सतरा एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरनं, सुरक्षित पद्धतीनं, वाचून फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गमावणाऱ्या फाइलींत, ठेवल्या. ते प्रत्येक भाग पुन्हा पुन्हा वाचून ताडून बघतं, म्हणून एकेका सीडीला पाऊण तास लागला, एकीला पूर्ण रात्र. हे करण्याचं कारण आहे. यातले काही अल्बम माझ्याकडे आधीच 'फ्लॅक' म्हणून होते. त्यांचा स्पेक्ट्रम (आवाज किती उंच पट्ट्यापर्यंत जातो त्याचं चित्र) आणि काकांच्या सीडीचा स्पेक्ट्रम शेजारी ठेवला. सीडीचा 22 किलोहर्ट्झपर्यंत गेलाय, माझ्या जुन्या फाइलचा 16 ला सुरीनं कापल्यासारखा सरळ तुटलाय. म्हणजे कुणी तरी 128 केबीपीएसची, आवाज छाटून लहान केलेली एमपी3 घेऊन तिला फ्लॅकचा कोट घातला होता. अशा अकरा फाइली काढून टाकल्या. ज्यांना सीडी मिळणं शक्य नाही त्यांनी एक्टोप्लाझम ही वेबसाइट बघावी, कलाकारांच्या परवानगीनं फुकट दिलेलं संगीत आहे, खरं फ्लॅक आहे.

काकांनी ट्रॅक ऐकून घेतला. फोनवर नको म्हणाले, त्यांच्या जुन्या ॲम्पवर लावायला लावला. पूर्ण सात मिनिटं चाळीस सेकंद भिंतीकडे बघत बसले होते. मग म्हणाले, "बास बरा हाय. पोटात लागतोय, कानात न्हाई. पर सुरुवात लईच घाईनं केलीस. आमच्या वेळी आधी हवा यायची, मग ठोका."

त्यांचं म्हणणं बरोबर आहे आणि त्याला कारणही आहे. गोव्यातला जुना डीजे गोवा गिल याच्या काळात पार्ट्या डॅटच्या, म्हणजे डिजिटल टेपच्या, छोट्या कॅसेटींवर चालायच्या. त्या यंत्रांवर ट्रॅकची गती कमी-जास्त करायची सोय नसायची, म्हणून ठोक्याला ठोका जुळवून एकातून दुसऱ्यात जाता येत नसे. एक ट्रॅक विरत जायचा आणि दुसऱ्याचा ठोका नसलेला लांब आरंभ त्यावर चढायचा. ते मिनिट-दीड मिनिटाचे पॅड (लांब पसरलेले सूर) आणि वाऱ्यासारखे आवाज म्हणजे दोन ट्रॅकमधला पूल होता. मी नेहमी ते पुढे ढकलून ऐकत आलोय. आता कणकुंबीला जाऊन बेडकांचं रेकॉर्डिंग करून आणलंय, मलप्रभा उगवते त्या देवळाच्या मागच्या शेतातलं, रात्री साडेनऊचं, घाटातल्या गाड्यांचा आवाज थांबल्यावरचं. पहिल्या मिनिटभर तेच राहील, त्यात आईची पेटी हळूच वर येईल, आणि किक 1:06 ला.

डब्याच्या तळाशी दोन डॅट कॅसेटीही निघाल्या. एकीवर काहीच लिहिलेलं नाही, दुसरीवर निळ्या पेनानं फक्त '97' आणि एक चांदणी. काकांना त्यात काय आहे ते आठवत नाही. बुरशी दिसत नाही, पण टेप चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद, फिरत्या हेडवर तिरकी वाचली जाते, त्यामुळे बिघडलेल्या यंत्रात घालायची माझी छाती होत नाही. सध्या दोन्ही हवाबंद डब्यात, सिलिकाच्या पुड्यांसोबत आहेत. बेळगाव, कोल्हापूर, सावंतवाडी किंवा म्हापशाकडे कुणाकडे चालू स्थितीतला डॅट डेक असेल तर कळवा. कॅसेटी कुरिअरनं पाठवणार नाही, मी स्वतः घेऊन येईन.