आमची वाटचाल : बुंध्यातला जोड

"आम्हाला सगळे दिसतात, पण आम्ही कुणालाच दिसत नाही." शिडाच्या नौकांचे मालक फोन करतात तेव्हा बहुतेक वेळा सुरुवात याच वाक्याने होते. बोलणं असतं एआयएसबद्दल, म्हणजे आपलं नाव-ठिकाण रेडिओवरून आजूबाजूच्यांना कळवणाऱ्या आणि त्यांचं आपल्या पडद्यावर दाखवणाऱ्या संचाबद्दल. आमचा धंदा या एका तक्रारीवर उभा आहे असं म्हटलं तरी चालेल. सुरुवातीला मात्र तिच्यावर आमच्याकडे एकच औषध होतं : संचाचा खोका बदलू.

आम्ही दोघंच होतो. मी रेडिओ दुरुस्तीतून आलेलो, भागीदार डोलकाठ्या आणि दोरखंडांच्या कामातला. तो वर चढायचा, मी खाली तारा जोडायचो. ३०० ग्रॉस टनांवरच्या, आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या जहाजांना २००४ च्या अखेरपर्यंत एआयएस सक्तीचा झाला, आणि पुढे छोट्या नौकांसाठी 'क्लास बी' संच आले. सक्ती नसतानाही लोक ते हौसेने बसवून घेत. पडद्यावर आजूबाजूच्या जहाजांचे त्रिकोण उमटले की काम झालं, बिल फाडा. आपला स्वतःचा त्रिकोण दुसऱ्याच्या पडद्यावर उमटतोय का, हे आम्ही तपासतच नव्हतो.

ते तपासायला लावलं एका नौकेने. मालकाला जहाजं दिसत होती, पण शेजारून जाणाऱ्यांना तो अगदी जवळ आल्यावर दिसे. मी खाली, केबिनमध्ये, एसडब्ल्यूआर मीटर लावला. पाठवलेल्या ताकदीतली किती परत येते ते तो सांगतो, १ म्हणजे काहीच नाही. आकडा आला १.२. पुस्तकात याला उत्तम म्हणतात. १.५ च्या आत असलं की आम्ही खूश, ३ झालं की पाठवलेल्यातली चौथाई ताकद परत येते म्हणून अँटेना बाद. इथे तर १.२. म्हणजे अँटेना ठीक, केबल ठीक, दोष खोक्याचाच. खोका बदलला. फरक शून्य. दुसरा बदलला, आमच्या खर्चाने. तरी तेच.

शेवटी भागीदार वैतागून म्हणाला, "तू खालीच मोजत बसतोस, एकदा वर मोजू या." त्याने टोकावरचा अँटेना सोडवला, जागी अँटेनाच्या बदली ताकद शोषून घेणारा ५० ओहमचा कृत्रिम भार आणि वॅटमीटर लावला. मी खालून त्याच केबलला बोलायचा व्हीएचएफ रेडिओ जोडून २५ वॅटवर बटण दाबलं. वर पोचले सहाच्या आसपास. बाकीचे केबलने वाटेतच खाल्ले होते.

आणि म्हणूनच माझा १.२ इतका देखणा होता! खराब अँटेनावरून परतणारी लाटही त्याच केबलमधून खाली यायची आणि येता येता विरून जायची. मीटरला वाटायचं, काही परतलंच नाही. केबल जितकी सडकी, तितका आकडा गोंडस. हे मला रेडिओच्या कामात इतकी वर्षं काढून ठाऊक असायला हवं होतं. नव्हतं. नंतर शोधलं तर डोलकाठीच्या बुंध्याशी, जिथे काठी उतरवताना केबल सुटते, तिथल्या जोडात पाणी शिरलेलं. बाहेरून टेप चकचकीत. आत तांब्याची जाळी हातभर काळी पडलेली. क्लास बीचे साधे संच दोनच वॅटवर पाठवतात. त्यातले दीड वाटेतच गेले तर दुसऱ्याच्या कानावर काय पडणार? ऐकू मात्र येतं, कारण मोठी जहाजं साडेबारा वॅटवर बोलतात.

त्या दोन खोक्यांनी आमचं कंबरडं मोडलं नाही, पण वाकवलं. मग आम्ही विक्री जवळपास सोडली आणि दोष शोधण्याच्या वेळेचे पैसे घ्यायला लागलो. "नुसतं बघायचे पैसे?" असं म्हणून बरेच जण गेले. जे राहिले त्यांच्या नौकांनी आम्हाला शिकवलं.

एकाची जहाजं फक्त रात्री गायब व्हायची. आम्ही दिवसा दोनदा जाऊन 'सगळं ठीक' सांगून आलो, हेही कबूल करतो. तिसऱ्यांदा अंधार पडेपर्यंत थांबलो. रेडिओ शांत चॅनलवर ठेवला, खरखर जेमतेम बंद होईल इतपत स्क्वेल्च फिरवला आणि मालकाला टोकावरचा दिवा लावायला सांगितलं. खरखर परत सुरू. नवा एलईडी दिवा अँटेनापासून वीतभर अंतरावर बसवलेला, आणि त्याच्या आतलं सर्किट व्हीएचएफच्या पट्ट्यातच गोंगाट ओकत होतं. एआयएसच्या १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन वाटाही त्याच पट्ट्यात येतात. २०१८ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने अशा दिव्यांबद्दल जाहीर इशारा दिला, तेव्हा भागीदाराने तो छापून कार्यशाळेत चिकटवला.

बाकीचे दोष पटकन सांगतो. बटण दाबताच रेडिओ बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर बॅटरीपासूनची तार बघा. २५ वॅटला पाच-सहा अँपिअर लागतात, बारीक तारेत व्होल्टेज कोसळतं. १ वॅटवर तोच रेडिओ छान बोलतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. विकत घेतलेली जुनी नौका आधीच्या मालकाच्या वेळच्या नावाने आणि एमएमएसआयने, म्हणजे नऊ आकडी ओळख-क्रमांकाने, हिंडत असते, कारण पुष्कळ संचांत तो क्रमांक मालकाला एकदाच भरता येतो. पुढे विक्रेत्याकडून किंवा उत्पादकाकडून पुसून घ्यावा लागतो. आणि कृपा करून, मल्टिमीटरवर शून्य ओहम आले म्हणून अँटेना फेकू नका. पुष्कळ अँटेना आतून मुद्दामच तसे जोडलेले असतात.

आता प्रत्येक नौकेला आम्ही एक कार्ड देतो. बटण दाबलेलं असतानाचं व्होल्टेज, खालचे वॅट, वरचे वॅट. पुढच्या हंगामात तेच आकडे पुन्हा घेतो. वरचे वॅट घसरले की बुंध्यातला जोड उघडायचा, टेप कितीही चकचकीत असो.

एवढं शिकूनही गेल्या हंगामात एका नौकेवर आम्ही दोन तास घालवले. केबल उत्तम, व्होल्टेज उत्तम, जीपीएसला उपग्रह भरपूर. भागीदार टोकावर लटकलेला. मालकाच्या मुलीने सहज विचारलं, "काका, हे बटण कशाचं?" ते एआयएसचं प्रसारण बंद ठेवायचं बटण होतं, आणि ते दाबलेलं होतं. त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून फोनवर ते ठरलेलं वाक्य आलं की मी आधी त्या बटणाचं विचारतो. भागीदार मात्र माझं बोलणं संपायच्या आत चढायचा पट्टा गाडीत टाकतो.