राघू, फडकी आणि वाटीभर चटणी

ऑक्टोबरात कंपाउंडच्या भिंतीलगत सूर्यफुलाची सात झाडं लावली. हाताला लागली पाच. सगळ्यात आधी भरलेली दोन फुलं राघूंनी एका सकाळीत साफ केली, खाली नुसती फोलपटं. मी घाबरून जुनी सुती साडी फाडली आणि उरलेल्या पाचांना फडकी बांधली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "झाडांना गालगुंड झालंय का गं?"

पाकळ्या वाळल्या तशी मी कात्री घेऊन निघाले. सासूबाईंनी अडवलं. त्यांचं माहेर औशाकडचं, शेतात सूर्यफूल असायचं. "तोंड काय बघतीस फुलाचं? पाठ बघ. हिरवी हाय तवर हात लावू नको." पाठ पिवळी होऊन तपकिरी पडायला लागली तेव्हा वीतभर देठ ठेवून कापली आणि गॅलरीतल्या दोरीवर उलटी टांगली. दहा दिवसांनी दोन फुलं एकमेकांवर घासली, तर परातीत बियांचा नुसता सडा.

सुपात पाखडायला घेतलं आणि तोंड उतरलं. कडेच्या बिया टणक, मधल्या बहुतेक पोचट. सासूबाईंनी फडक्यांकडे बोट दाखवलं. सूर्यफूल कडेकडून मध्याकडे उमलत जातं. मी बांधाबांध केली तेव्हा मधला भाग फुलायचा होता. राघूंबरोबर मधमाश्याही बाहेर राहिल्या! त्यांच्या शेतात माश्या कमी दिसल्या तर सकाळी हाताला मऊ कापड गुंडाळून एकेका फुलावरून फिरवायचे म्हणे. हे मला आधी कोण सांगणार?

सगळं मिळून २९० ग्रॅम भरलं, टरफलांसकट. या काळ्या, तेलाच्या बिया, एकेक सोलायची म्हणजे शिक्षाच. मिक्सरला दोन-तीन झटके दिले आणि सगळं पाण्यात टाकलं: टरफलं बरीचशी वर तरंगली, गर तळाशी. तो फडक्यावर वाळवून मंद आचेवर भाजला. लसूण, सुकी मिरची, जिरं, मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटला. मिक्सरमध्ये तेल सुटून गोळा होतो, ते मला आवडत नाही. शेंगदाण्याच्या चटणीपेक्षा चव सौम्य, ज्वारीच्या गरम भाकरीवर तेल घालून झकास.

चटणी झाली जेमतेम वाटीभर. मूठभर टपोऱ्या बिया पुढच्या पेरणीला ठेवल्यात, पण पाकिटावर 'संकरित' लिहिलेलं, तेव्हा यंदासारखीच फुलं येतील याचा भरवसा नाही. फडकी मात्र धुऊन ठेवलीत. या वेळी फूल पुरतं उमलून गेल्यावरच बांधणार.