पेटीची काळी दोन

सकाळच्या प्रार्थनेला पेटी पांढरी एकमध्ये वाजायची. नववीत असताना मी पहिल्यांदा ऑल्टो सॅक्सोफोन गळ्यात अडकवून तिच्याशेजारी उभा राहिलो, सरांनी शिकवलेल्या 'सी'ची (पेटीवर 'सी' म्हणजे पांढरी एक) बोटं लावली आणि फुंकलं. निघाली काळी दोन. पटांगणावरचा सगळा आवाज थांबला. पेटीवाल्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मला वाटलं, वाद्य मोडलं.

बँडचे सर रागावले नाहीत. प्रार्थना संपल्यावर त्यांनी मला वाद्यांच्या खोलीत नेलं. "वाद्य खोटं बोलत नाही रे. त्याचा सा दुसऱ्या घरात राहतो. ऑल्टोचा 'सी' म्हणजे पेटीची काळी दोन. टेनर, म्हणजे याहून मोठा सॅक्सोफोन असता, तर काळी पाच निघाली असती. तू 'ए'ची बोटं लाव." मी लावली. त्यांनी पेटीची पांढरी एक दाबली. दोन्ही सूर एकात मिसळले. आज पस्तीस-चाळीस वर्षांनंतर मी सॅक्सोफोन वाजवतो, त्याच्यासाठी रचना करतो, मुलांना शिकवतो. ते सगळं त्या खोलीत सुरू झालं.

हा ऑल्टो सरांनी जुन्या बाजारातून आणला होता. पॅड फाटलेले, दोन स्प्रिंगा तुटलेल्या. बिगुल, बासऱ्या आणि साइड ड्रम एवढाच आपला बँड, त्यात हे वाद्य कशासाठी, असं बऱ्याच जणांनी विचारलं. सरांचं घराणं सनईवाल्यांचं. वडील देवळात सनई वाजवायचे आणि लहानपणी सर त्यांच्या मागे बसून नुसता सूर धरायचे. पुढे लग्नसराईत बँडमधून क्लॅरिनेट वाजवू लागले, मग सॅक्सोफोन. अनंत चतुर्दशीला पुण्यात लक्ष्मी रोडवर त्यांना वाजवताना मी ऐकलंय. ढोलताशाच्या गदारोळातही त्यांचा सूर वेगळा ओळखू यायचा.

सॅक्सोफोनला ते सनईचा चुलतभाऊ म्हणत. हे नातं मला खरं कळायला फार वर्षं लागली. क्लॅरिनेटची नळी आतून सरळ, जवळपास एकाच जाडीची. सनई आणि सॅक्सोफोन तोंडाशी निमुळते आणि खाली रुंद होत जाणारे. त्यामुळे तीच बोटं ठेवून वरचा सूर काढला, की क्लॅरिनेट सप्तक ओलांडून पलीकडच्या पंचमावर जातं, तर सनई आणि सॅक्सोफोन नेमके वरच्या सा-वर पोचतात. अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये पेटंट घेतलं, ते प्रामुख्याने लष्करी बँडला उपयोगी पडेल अशा वाद्याचं. अंग पितळेचं असलं तरी आवाज बोरूच्या पत्तीतून येतो. फरक एवढाच, की सनईला दोन पत्त्या आणि उघडी भोकं. बोट हळूहळू सरकवलं की मींड मिळते, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाता येतं. सॅक्सोफोनवर भोकाला झाकण, ते एक तर बंद किंवा उघडं. मींड ओठातून, जबड्यातून, घशातून काढावी लागते.

पहिले तीन महिने सरांनी मला एकही गाणं दिलं नाही. रोज मधल्या सुट्टीत एकच लांब सूर. "गाणं कुठं पळून जात नाही. आधी सूर धर." मला तेव्हा फार राग यायचा.

दहावी १९८७ला झालो. पुढे कॉलेज, नोकरी, संध्याकाळी वराती. एका संगीतवर्गात शिकायला गेलो, तर "हे बँडबाजाचं वाद्य, इथे नाही" म्हणून दारातूनच परत पाठवलं. ते शब्द मी विसरलो नाही. जॅझ मला कॅसेटवर सापडलं आणि एका कॅसेटवर सापडले चार्ली मारियानो.

त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे हे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. जन्म बॉस्टनचा, १९२३चा. इटलीहून आलेल्या कुटुंबातला मुलगा. १९५०च्या दशकात स्टॅन केंटनच्या वाद्यवृंदात ऑल्टो वाजवला, १९६३ साली चार्ल्स मिंगस यांच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेत वाजवला, बर्कली या जॅझच्या नावाजलेल्या विद्यालयात शिकवलं. इथवरची कारकीर्दच कोणाच्याही आयुष्याला पुरली असती. पण आशियात काम करताना त्यांच्या कानावर नागस्वरम्, हे दक्षिणेतलं सनईसारखं वाद्य, पडलं आणि पन्नाशीच्या आसपास हे गुरुजी दक्षिण भारतात येऊन पुन्हा विद्यार्थी झाले. ज्याने आयुष्यभर चाव्यांवर बोटं चालवली, त्याने उघड्या भोकांच्या लांबलचक वाद्यावर सारेगमपासून सुरुवात केली. १९८३ साली त्यांनी बेंगळुरूच्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनबरोबर ध्वनिमुद्रिका केली. आर. ए. रामामणी यांचं गाणं, टी. ए. एस. मणी यांचा मृदंग. त्यात मारियानो स्वतःचं पांडित्य दाखवत नाहीत. गाणाऱ्या बाईंच्या सुराला जागा देतात, मग हलकेच शेजारी येऊन उभे राहतात. ती कॅसेट मी इतकी वाजवली की फीत ताणली. २००९ साली ते गेले तेव्हा मी वर्गातल्या मुलांना दिवसभर तेच ऐकवलं.

आणि मारियानो नागस्वरम्‌कडे वळले त्याच काळात उलट्या दिशेने कद्री गोपालनाथ चालले होते. वडील नागस्वरम् वाजवणारे. मुलाने मैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि कर्नाटक संगीतच त्यावर आणायचं ठरवलं. गमक, म्हणजे सुराला दिलेला झोल, निघावी म्हणून त्यांनी वाद्यात फेरफारही केले. १९९४ साली लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवात वाजवणारे ते पहिले कर्नाटक संगीतकार. एक सॅक्सोफोनकडून नागस्वरम्‌कडे गेला, दुसरा नागस्वरम्‌कडून सॅक्सोफोनकडे आला. ही दोन नावं शेजारी ठेवली की मला सर आठवतात. देवळातल्या सनईपासून शाळेतल्या ऑल्टोपर्यंतचा तोच रस्ता त्यांनी या शहरात, कोणाच्या लक्षात न येता कापला होता.

मी संबळाच्या ठेक्यावर चार सॅक्सोफोनची एक रचना केली आहे. तिच्यात एक टेनर सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त सूर धरतो. मुलं म्हणतात, सर, मला तो भाग नको, त्यात काही नाही. मी तो भाग सगळ्यांना आळीपाळीने देतो.

सर आज नाहीत. शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांना बोलायला त्रास व्हायचा. मी वाद्य उघडलं. त्यांनी हात पुढे करून पत्ती मागितली, उजेडाकडे धरून पाहिली आणि एका कडेला नख टेकवलं. तिथे जाड होती. मी घरी येऊन तेवढीच घासली, सूर मोकळा झाला.

जुन्या बाजारातला तो ऑल्टो यंदा शाळेच्या अडगळीतून निघाला. मी त्याला नवे पॅड, नव्या स्प्रिंगा बसवून परत दिला आहे. वाद्यांच्या खोलीत डावीकडच्या कपाटात, सोबत पत्त्यांचे दोन डबे. सध्या आठवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत तो वाजवते. परवा मी गेलो तर डोळे मिटून एकच सूर धरून उभी होती. पांढरी एक. 'ए'ची बोटं तिने आपली आपणच शोधली होती.