पुस१ चालेना, तेव्हाचे सात महिने

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या मार्गदर्शक मॅडमनी माझ्या हातात एक प्लास्मिड, म्हणजे जनुक वाहून नेणारं डीएनएचं छोटं वर्तुळ, ठेवलं. त्यात यीस्टचं पुस१ जनुक होतं. "आधी प्रोटीन शुद्ध कर, ते चालतंय हे दाखव, मग रचना बघण्यासाठी क्रिस्टलचं बघू." चालतंय हे दाखवण्यातच सात महिने गेले.

पुस१ हे एन्झाइम टी-आरएनएमधल्या (प्रोटीन बनवताना अमिनो आम्लं आणून देणाऱ्या छोट्या आरएनएमधल्या) ठरावीक यू अक्षरांचं, म्हणजे युरॅसिल असलेल्या अक्षरांचं, स्यूडोयुरिडिन हे बदललेलं अक्षर करतं. युरॅसिलचा साखरेशी असलेला नायट्रोजनचा बंध तोडायचा, युरॅसिल वळवायचं आणि कार्बनकडून त्याच साखरेला पुन्हा जोडायचं. वरून एकही अणू घालायचा नाही, पेशीचं ऊर्जेचं चलन असलेलं एटीपीही लागत नाही. मला हे आजही विलक्षण वाटतं. रॉबर्ट हॉली यांनी १९६५ साली यीस्टच्या अलानिन टी-आरएनएचा पूर्ण क्रम लावला, त्यातही हे अक्षर होतं.

पण अणू तेवढेच, म्हणून वजनही तेवढंच. मग बदल पकडायचा कसा? आम्ही ट्रिटियमची, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनची, जुनी पद्धत घेतली. युरॅसिलच्या पाचव्या कार्बनवर हा हायड्रोजन असलेला टी-आरएनए बनवायचा. साखर त्याच कार्बनला येऊन जोडली की तो हायड्रोजन सुटून पाण्यात उतरतो. मग आम्लात कालवलेला कोळसा टाकायचा. कोळसा आरएनए धरून बसतो आणि वरचं पाणी किरणोत्सार मोजणाऱ्या काउंटरमध्ये मोजायचं. पिपेटच्या टोकाला काळा कण लागला तरी आकडा बिघडतो, म्हणून मी श्वास रोखून पाणी उचलायचे.

आकडे येत होते ते एन्झाइम न घातलेल्या नळीइतकेच. मॅग्नेशियम बदललं, तापमान बदललं, टी-आरएनए तीनदा नव्याने बनवला. प्रोटीन आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेलवर माझं प्रोटीन एकच स्वच्छ पट्टी दाखवायचं, त्यामुळे त्याच्यावर शंकाच आली नाही.

सहाव्या महिन्यात शेजारच्या बेंचवरच्या ताईनं विचारलं, "२६०-२८० बघितलंस का गं?" म्हणजे २६० आणि २८० नॅनोमीटरचा प्रकाश नमुना किती शोषतो, त्यांचं गुणोत्तर; आरएनए मिसळलेला असला की ते वाढतं. नव्हतं बघितलं. गुणोत्तर निघालं १.५, शुद्ध प्रोटीनचं ०.६च्या आसपास हवं. जेलचा निळा रंग फक्त प्रोटीनला लागतो, आरएनए त्यात दिसतच नाही.

एन्झाइमची रचना डोळ्यांसमोर आणली तेव्हा उलगडा झाला. मधे बीटा पट्ट्यांचा सपाट ताव, बाजूंनी हेलिक्सची वेटोळी, आणि मधोमध धन प्रभाराची खोल खाच. खाचेच्या तळाशी अॅस्पार्टेट हे अमिनो आम्ल, खरं काम करणारं. ऋण प्रभाराचा आरएनए त्या खाचेत घट्ट बसतो. आम्ही हे प्रोटीन ई. कोलाय या जिवाणूमध्ये बनवत होतो, आणि ई. कोलाय टी-आरएनएनं खच्चून भरलेला असतो. खाच आधीच भरलेली होती. माझ्या टी-आरएनएला जागाच नव्हती.

मग प्रोटीन धरून ठेवणाऱ्या निकेल कॉलमवरच, आरएनए सुटावा म्हणून, १ मोलर मिठाचं भरपूर पाणी सोडलं, नंतर हेपॅरिन कॉलम. हेपॅरिनही ऋण प्रभाराचं, म्हणून आरएनए सुटलेलं प्रोटीन त्याला चिकटतं आणि मीठ हळूहळू वाढवत नेलं की उतरतं. गुणोत्तर ०.६ वर आलं.

त्या रात्री काउंटरची पट्टी बाहेर आली आणि पाच मिनिटांच्या नळीचा आकडा एन्झाइम न घातलेल्या नळीच्या कितीतरी पट होता. मी मॅडमना रात्री अकराला फोन केला. "अगं, म्युटंट लावलंस का?" एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी म्युटंट, म्हणजे त्या अॅस्पार्टेटच्या जागी अलानिन असलेलं प्रोटीन, लावलं. काउंटरवर काहीच हललं नाही. पण टी-आरएनएसोबत जेलवर चढवलं, तर टी-आरएनएची पट्टी मूळ एन्झाइमसोबत सरकते तशीच वर सरकली होती, म्हणजे प्रोटीननं तो धरला होता. धरणं शाबूत होतं, वळवणं तेवढं गेलं होतं.