फास्ट चालवतो, पण सेफ चालवतो

रविवार, रात्री

आज भाच्याबरोबर मुंबईहून परत आले. तो गाडी फार चांगली चालवतो, हे आधीच लिहून ठेवते. नजर लांबवर असते, हॉर्न जवळजवळ वाजवतच नाही, इंडिकेटर दिल्याशिवाय लेन बदलत नाही, ओव्हरटेक झाला की मुकाट्याने मधल्या लेनमध्ये परत येतो. एक्स्प्रेसवेवर असं चालवणारे किती थोडे दिसतात! फक्त लोणावळा मागे पडल्यावर काटा १३० च्या आसपास होता. कॅमेऱ्याची कमान आली की १००, कमान गेली की पुन्हा तेच.

"हळू घे रे जरा," मी म्हटलं.

"मावशी, मी फास्ट चालवतो, पण सेफ चालवतो. घोळ घालतात ते हळू चालवणारे."

हे वाक्य पुण्यात घरोघरी ऐकू येतं, आणि त्यात तथ्यच नाही असं मी म्हणणार नाही. उजव्या लेनमध्ये रेंगाळणारा कंटेनर, एका हातात मोबाईल धरून साठने जाणारा, फाटा चुकला म्हणून शोल्डरवरून रिव्हर्स येणारा, हे सगळे संथच असतात आणि भयंकर असतात. जर्मनीत ऑटोबानच्या बऱ्याच लांबीवर वेगमर्यादा नाही, १३० ही नुसती शिफारस आहे. भाच्याने ते उदाहरण दिलंच. पण तिथे चुकीच्या बाजूने ओव्हरटेक करायला बंदी आहे, आणि ओव्हरटेक झाला की आपल्या कडेच्या लेनमध्ये परतायची शिस्त लोकांच्या अंगवळणी पडलेली आहे. मागून कोणीतरी फार वेगात येत असेल, हे तिथला प्रत्येक जण गृहीत धरून चालवतो. आपल्याकडे ते गृहीत धरलेलं नाही. आपल्या एक्स्प्रेसवेवर कारला १०० ची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी, आणि बाकीचे लोक त्याच हिशेबाने आरशात बघतात.

कामशेतच्या अलीकडे जे झालं ते यामुळेच. पुढे एक जुनी छोटी गाडी ट्रकला ओव्हरटेक करत होती, ऐंशीच्या आतबाहेर. मागच्या काचेपाशी उश्या आणि एक पिशवी. भाच्याने बरंच लांबून, एकदाच डिपर दिला. अगदी सभ्यपणे. तरी त्या गाडीतले आजोबा दचकले आणि ट्रक संपतो न संपतो तोच त्यांनी गाडी डावीकडे ओढली. तिकडे एक बस होती. बसवाल्याने करकचून ब्रेक मारला, कोणाला काही लागलं नाही, आम्ही पुढे निघून आलो. शेजारून जाताना मी पाहिलं, आजोबांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी छातीजवळ धरलं होतं आणि आजी त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलत होत्या.

"बघ, आरशात बघतच नाहीत हे लोक," भाचा म्हणाला.

मला वाटतं, त्यांनी बघितलं होतं. आमचा वेग त्यांच्यापेक्षा ताशी ५० किलोमीटरने जास्त, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. त्यांनी ओव्हरटेकसाठी आरशात पाहिलं तेव्हा आम्ही दीडशे मीटर मागे असलो, तर त्यांच्या मागे जाऊन भिडायला आम्हाला अकरा सेकंदसुद्धा लागत नाहीत. आरशात दीडशे मीटरवरची गाडी ठिपक्याएवढी दिसते. ती शंभरने येतेय की एकशे तीसने, हे त्या ठिपक्यावरून कोणाला कळणार? त्यांनी नेहमीच्या अंदाजाने हिशेब केला आणि आम्ही तो हिशेब खोटा पाडला. भाच्याचं कौशल्य खरं आहे, पण ते त्याच्या गाडीपुरतं आहे. शेजारच्याच्या गाडीत ते पोचत नाही.

मी शाळेत वर्षानुवर्षं गतीची समीकरणं शिकवली आहेत, त्यामुळे घरी आल्यावर वही काढलीच. रस्ता कोरडा, टायर चांगले, ब्रेकवर पाय जायला एक सेकंद. मग १०० च्या वेगातली गाडी सुमारे ८३ मीटरमध्ये उभी राहते. शेजारून १२० ने जाणाऱ्या गाडीने त्याच क्षणी अडथळा पाहिला, तर पहिली गाडी जिथे थांबली तिथे दुसरीचा वेग अजून ७० च्या वर असतो. वेग वीसने वाढला आणि धडक सत्तरची झाली! गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, हे दहावीच्या मुलांना पाठ असतं. गाडीत बसल्यावर ते आठवत नाही.

आणि वाचतं काय? ९४ किलोमीटरचा सगळा रस्ता १०० ऐवजी १२० ने काटला तरी नऊ-दहा मिनिटं. तेवढी वाकडच्या पुलापाशीच जातात.

शहरात तर वेगाचा आकडाच फसवा असतो. कर्वे रस्त्यावर बसमधून उतरून पलीकडे जाणारी बाई येणाऱ्या गाडीचा वेग मोजत नाही, तिथे गाड्या एरवी कशा येतात त्याच्या सवयीवर ती पाऊल टाकते. तिथे साठसुद्धा दांडगाई आहे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला मोटरसायकलवरची दोन तरुण मुलं मध्यरात्री भरधाव गाडीच्या धडकेत गेली. त्यांच्या बाजूने सावधगिरीला काही जागाच उरली नव्हती. नवले पुलाचं दुखणं थोडं वेगळं आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून सलग उतार, डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेले ट्रक, तापून निकामी झालेले ब्रेक. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका रात्रीत चाळीसहून जास्त गाड्या चेपल्या. त्या गाड्यांतले बहुतेक जण आपापल्या लेनमध्ये नीट चालले असतील. तिथे वेगमर्यादेची पाटी कितीही खाली आणली तरी उतार आहे तोवर मला ते पुरेसं वाटत नाही.

रात्री जेवताना भाच्याने त्याचा सगळ्यात पक्का मुद्दा काढला. "पहाटे तीनला रस्ता पूर्ण रिकामा असतो. तेव्हा मी १२० ने गेलो तर कोणाचा हिशेब बिघडतो?"

मी बराच वेळ विचार केला, कारण हा प्रश्न खोडसाळ नव्हता. मग त्याला विचारलं, रिकामा आहे हे तुला दिसतं कुठे? दिवे डिपरवर, म्हणजे खाली झुकलेले असतील तर साधारण पन्नास-साठ मीटरपुढे अंधार, आणि १२० वरून थांबायला शंभराहून जास्त मीटर लागतात. त्या मधल्या, न दिसणाऱ्या अंतरात टेललाइट गेलेला ट्रक उभा असेल. टायर बदलणारा क्लीनर वाकलेला असेल. तो माणूस तुझ्या हिशेबात नाही, कारण तो तुला अजून दिसलेलाच नाही.

"अप्पर लावला तर?"

अप्पर लावला तर दुभाजकापलीकडून येणाऱ्याला काही दिसत नाही.